कॅरिस दोन आठवडे राहून गेली

कॅनडातल्या कॉलेजची अकरा पोरं दोन आठवड्यांसाठी बेटावरच्या ला रोशेत गावाला येणार, शाळेतल्या मुलांचे कान तपासणार आणि गावातच घरोघरी राहणार असं ठरलं, तेव्हा इस्मेनी लारोंडने सगळ्यांच्या आधी हात वर केला. तिच्या तिन्ही मुली शेजारच्या बेटावर, ग्वादलूपला नांदत होत्या, मागची खोली रिकामीच होती. आणि खरं सांगायचं तर तिला घरात बोलायला कुणीतरी हवं होतं.

तसा घरात नवरा होता. नाव अल्फॉन्सस, पण गावाचा फोंसो. तीस वर्षं त्याने डोंगरात यांत्रिक करवतीने झाडं पाडली, फळ्या कापल्या. गावातली निम्मी छपरं त्याच्या लाकडावर उभी होती. पण गेल्या सहा वर्षांत माणूस मिटून गेला होता. दुकानापुढे डॉमिनो खेळायला जाणं सोडलं. विचारलेल्याचं उत्तर नाही, हाक मारली तर वळून बघणं नाही. इस्मेनी आधी भांडली, मग रडली, मग तीही गप्प झाली. इतक्या वर्षांनी पुरुषाला बायकोचा कंटाळा येतो, असं तिने मनाशी धरून टाकलं. शेजारच्या व्हर्लिनला सोडून कुणाजवळ बोलली नाही.

"तुझ्याला कंटाळायला वेळ तरी मिळाला," व्हर्लिन म्हणाली होती. "माझा त्याच्या आधीच गेला."

इस्मेनीच्या वाट्याला आलेली मुलगी कॅरिस. एकवीस वर्षांची, ताडमाड उंच, दुसऱ्याच दिवशी उन्हाने नाक सोललेली. उकडलेली हिरवी केळी तिने बटाटे समजून खाल्ली आणि वर लोणी मागितलं. इस्मेनीने दिलं. हसायचं ते व्हर्लिनकडे जाऊन हसली.

"मिसेस लारोंड, तुमचे आभार कसे मानू?" मुलगी सारखी म्हणायची.

"आधी ते मिसेस सोड. मा म्हण. सगळं गाव म्हणतं."

रोज सकाळी कोको पिऊन कॅरिस आपली कान तपासायची पेटी घेऊन शाळेत जायची आणि दुपारी घामाघूम होऊन यायची. मग स्वयंपाकघरात उभी राहून अळकुड्या सोलायला शिकायची, खाजणारे हात घासत बसायची आणि इस्मेनी मनसोक्त बोलायची. सहा वर्षांचं साचलेलं होतं.

पाचव्या दिवशी भांडी विसळता विसळता मुलीने हळूच विषय काढला.

"मा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"मिस्टर लारोंड माझ्या तोंडाकडे का बघतात?"

"तुझं नाक सोललंय म्हणून."

"तसं नाही. मी बोलते तेव्हाच बघतात. काल जेवताना तुम्ही त्यांच्या मागून मीठ मागितलंत, तर त्यांनी मान पण हलवली नाही."

"मीठ?" इस्मेनी म्हणाली. "पोरी, सहा वर्षांत त्याने मला साधा होकार दिलेला नाही, तू मिठाचं काय घेऊन बसलीस."

शनिवारी सकाळी कॅरिस ओसरीवर गेली, कोयत्याला धार लावत बसलेल्या फोंसोच्या पुढ्यात उकिडवी बसली आणि सावकाश म्हणाली, "मला परत गेल्यावर परीक्षा आहे. लहान मुलांचा सराव झाला. मोठ्या माणसाचे कान मिळाले असते तर बरं झालं असतं."

फोंसोने तिच्याकडे पाहिलं. कान तपासू का, असं विचारलं असतं तर तो उठून रानात गेला असता. पण पोर मदत मागत होती.

"परीक्षेसाठी म्हणतेस?"

"हो."

"मग चल."

पुढच्या खोलीची दारं-खिडक्या लावून घेतल्या. व्हर्लिनने आपला कोंबडा टोपलीखाली झाकला. कॅरिसने पेटी उघडली, फोंसोच्या कानांवर जाडजूड हेडफोन चढवले आणि समोर बसून सांगितलं, "आवाज आला की हात वर करायचा. बारीक आला तरी."

इस्मेनी दाराशी उभी होती. मुलीचं बोट बटणावर पडायचं, पेटीवर हिरवा दिवा लागायचा आणि फोंसोचा हात वर जायचा. बोट, दिवा, हात. एकदाही चुकला नाही. इस्मेनीने मनाशी धरलेलं खरंच ठरलं, असं तिला वाटलं. म्हणजे कान धडधाकट होते. ऐकायचंच नव्हतं, एवढंच.

कॅरिसने मात्र मध्येच बोट बटणावर नुसतं टेकवलं, दाबलं नाही. दिवा लागला नाही, तरी फोंसोचा हात वर गेला.

मुलगी उठली, त्याच्या खांद्याला हात लावला आणि त्याची खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. फोंसोने विरोध केला नाही. त्याची मान तेवढी खाली गेली.

मग पुन्हा सुरू झालं. दिवा लागला. हात मांडीवर. पुन्हा लागला. हात मांडीवर. इस्मेनी मोजत नव्हती, पण दिवा कितीतरी वेळा लागला आणि तिच्या नवऱ्याचे ते करवतीने घट्टे पडलेले, मोठाले हात तसेच पडून राहिले. त्याची पाठ ताठ होती. शाळेत उत्तर न येणाऱ्या मुलासारखा तो भिंतीकडे बघत बसला होता. इस्मेनीने एप्रन तोंडाला लावला.

शेवटी घोगरे, जाड आवाज लावले तेव्हा उजवा हात दोनदा वर आला.

"डावा कान जवळजवळ गेलाय," कॅरिस हेडफोन काढून घेत हलकेच म्हणाली. "उजव्याला खालचे सूर येतात, वरचे नाहीत. करवतीच्या आवाजाने असं होतं. मा, तुमचा आवाज वरचा आहे. पाठीमागून बोललात तर त्यांना तुम्ही बोलताय हेच कळत नसणार."

मग तिला काय वाटलं कोण जाणे, पेटी तशीच टाकून ती व्हर्लिनच्या कोंबड्याला सोडायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

इस्मेनीने स्टूल ओढलं आणि फोंसोच्या उजव्या अंगाला, तोंड दिसेल अशी बसली.

"कधीपासून?" तिने आवाज खाली आणून विचारलं.

"झाली सहा-सात वर्षं."

"मला का नाही सांगितलंस?"

"म्हातारा ओझिया बहिरा झाला तेव्हा सगळेजण त्याच्या कानात ओरडायचे आणि मागे वळून हसायचे. डॉमिनो खेळताना मीही हसलोय. आणि तू बोलेनाशी झालीस. म्हटलं, कंटाळली असेल."

इस्मेनीला हसावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा कळेना. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. तीन वर्षं मनात ठेवलेलं होतं ते विचारलं.

"मी शहरात, रोझोच्या हॉस्पिटलात जाणार होते तेव्हा तुला विचारलं होतं. येतोस का म्हणून. तू ओसरीवर धार लावत होतास, मी तुझ्या पाठीमागे दारात उभी होते."

"कुठलं हॉस्पिटल?"

"छातीत गाठ लागली होती."

फोंसो पुढे सरकला. "कुणाच्या?"

"माझ्या. साधी निघाली. काढून टाकली."

"तू कापड आणायला गेली होतीस रोझोला. दोन दिवस बहिणीकडे राहिलीस."

"कापड परत येताना घेतलं."

फोंसोने तिचा हात घेतला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला. म्हणाला, "एकटी गेलीस."

"एकटीच."

"मी धार लावत बसलो होतो."

"हो," इस्मेनी म्हणाली. तिला खोटं सांगवेना.

कानात घालायची यंत्रं मोजकीच आणली होती आणि ती शाळेच्या मुलांसाठी होती. हे सांगताना कॅरिसलाच रडू आलं. फोंसोने तिची समजूत घातली. त्याचं नाव तिने पुढच्या वेळच्या यादीत लिहून घेतलं, आणि इस्मेनीला शिकवलं की आधी समोर यायचं, मग बोलायचं, आणि ओरडायचं अजिबात नाही. जाताना बसपाशी मुलगी इस्मेनीच्या गळ्यात पडली. फोंसोने तिला परीक्षेत किती मार्क पडले ते कळव म्हणून बजावलं.

यंत्र अजून आलेलं नाही. दुकानापुढे मात्र त्याने स्वतःच जाऊन सांगितलं की मला ऐकू येत नाही, हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या. दोघं हसले, आणि मग त्याला उजवा कान खेळाकडे येईल अशी जागा करून दिली.

घरी दुपारचं जेवण झालं की तो ओसरीवर इस्मेनीजवळ सरकून बसतो आणि राहिलेलं विचारतो. धाकट्या मुलीच्या नवऱ्याचं भांडण कशावरून झालं होतं. तुझी आई जायच्या आधी काय म्हणाली होती. परवा त्याने रोझोचा तो दिवस सगळा सांगायला लावला.

"पहाटेची बस धरली," इस्मेनीने सुरुवात केली.

"कुठं बसलीस?"

"खिडकीशी."

"खाल्लंस काही?"

"उपाशी यायला सांगितलं होतं."

"मग भीती वाटली असेल."

"वाटली ना," ती म्हणाली, आणि पुढचं सांगू लागली.