तांदळाची चकती

“हा चुरा बघा, काकू.” फादरांनी तळहात पुढे केला. त्यावर पांढऱ्या चकतीचे चार तुकडे आणि थोडी भुकटी होती. “गव्हाची चकती मोडली की कट्‌कन मोडते. हिचा असा भुगा का झाला?”

काकूने साच्याची वरची पाटी उचलली. दोघांच्या मध्ये वाफ आली. चर्चमागच्या या खोलीत ती एकोणीस वर्षं मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेत ख्रिस्ताचं शरीर म्हणून द्यायच्या चकत्या भाजत होती. गव्हाचं पीठ आणि पाणी, बाकी काही नाही.

“तांदळाची आहे,” ती म्हणाली.

“मला तर सांगितलंत, मठातून मागवलेली कमी गव्हाची आहे म्हणून.”

“तीसुद्धा पोरीला सोसली नाही. दोन दिवस ओकत होती. डॉक्टर म्हणाले, गव्हाचा कणही नको.”

पोर म्हणजे नऊ वर्षांची पुतणी. आई-बाप गेल्यापासून काकूकडेच वाढलेली.

“किती रविवार चाललंय हे?”

“पाच.”

“पाच रविवार ती नुसता तांदूळ खाऊन गेली. आणि मी तिच्या तोंडावर म्हणत होतो, ख्रिस्ताचं शरीर. खोटं बोलायला लावलंत मला.”

“तुमचा देव गव्हाशिवाय येतच नाही का?”

“चकती गव्हाचीच हवी, हा नियम मी नाही केलेला.”

“पाळता तर तुम्हीच.”

“तिला प्याल्यातला द्राक्षरस देईन. त्यातही प्रभू पूर्ण असतो. सगळ्यांचं झालं की बाजूला उभी राहील ती.”

“म्हणजे पंगत उठल्यावर बोलवायचं. एकटीने उभं राहायला कसं वाटेल, विचारलंत तिला?”

“आणि फसवलं गेल्यावर कसं वाटेल, ते तुम्ही विचारलंत तिला?”

हे मात्र वर्मी लागलं. संध्याकाळी काकूने पोरीला सगळं सांगून टाकलं.

“मग मी पाच वेळा डोळे मिटून बोलले, तेव्हा ऐकत कोण होतं?”



रविवारी रांग पुढे सरकली. पोर खांबाजवळ एकटीच हात जोडून उभी होती. फादरांनी काकूपुढे चकती धरली, तिनेच भाजलेली.

“ख्रिस्ताचं शरीर.”

काकूने आमेन म्हटलं नाही. “आधी तिला द्या.”

“रांग खोळंबलीय.”

“खोळंबू दे.”

“तुम्हाला हवंय की नको, तेवढं सांगा.”

एकोणीस वर्षांत तिचा एकही रविवार चुकला नव्हता. ती रांगेतून बाहेर पडली आणि खांबाशी जाऊन पोरीजवळ उभी राहिली.

शेवटच्या माणसानंतर फादर प्याला घेऊन आले. पोरीला दिला. काकूपुढे त्यांनी तो धरला नाही, तिनेही मागितला नाही. बाकांवरची माणसं माना वळवून बघत होती. पोरीचा घोट गिळून होईपर्यंत काकू त्यांच्याकडे पाठ करून मध्ये उभी राहिली.