नारायणरावांचा अर्धा दात

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. संगणक म्हणा हवं तर, पण चिखलीच्या बसस्टँडजवळच्या त्या दुकानात त्या नावानं मला कुणी कधी हाक मारली नाही. सगळ्यांसाठी मी 'डबा'. आता भंगाराच्या गोदामात एका फुटक्या कुलरखाली पडलो आहे, म्हणजे खराच डबा झालो म्हणायचं! माझं ऐकून काही सुधारेल अशी आशा मला उरलेली नाही. तरी सांगतो, कारण गप्प बसवत नाही.

माझा जन्म बुलढाण्याचा. तिथं सुटे भाग जोडून मला तयार केलं आणि शकूरभाईंनी मला मांडीवर घेऊन एसटीनं चिखलीला आणलं. शकूरभाई म्हणजे दुकानाचे मालक. लग्नांचं शूटिंग करायचं आणि डीव्हीडी बनवून द्यायची, हा त्यांचा धंदा. माझ्या पोटात त्यांनी टीव्हीचं कार्ड बसवून घेतलं होतं. केबलची वायर जोडली की टीव्हीवर चालू असलेलं सगळं मी साठवून ठेवायचो. त्यांच्या बायकोनं, गौसियाभाभींनी, मखमलीच्या तुकड्याचं मला झाकण शिवलं होतं. काय रुबाब होता माझा! लोक दुकानात शिरले की आधी माझ्याकडे बघायचे.

शकूरभाई माणूस लाखमोलाचा, पण त्यांना एक खोड होती. सुरुवातीला त्यांनी दिलेली एक डीव्हीडी गिऱ्हाइकाच्या घरी चाललीच नाही आणि भर पाहुण्यांत त्यांची फजिती झाली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तेव्हापासून हाती आलेलं प्रत्येक चित्र ते कन्वर्ट करायचे. "कन्वर्ट मारल्याबिगर काम पक्कं होत नाही," असं छातीठोक सांगायचे. अहो, पण माझं कार्ड टीव्हीवरचं चित्र ज्या साच्यात ठेवायचं, डीव्हीडीला नेमका तोच साचा लागतो! मागच्या-पुढच्या जाहिराती कापा आणि सरळ तबकडीवर उतरवा, झालं काम. कन्वर्ट करायचं म्हणजे मी अख्खं चित्र नव्यानं काढायचं, आणि दर वेळी त्यातलं बारीकसारीक काहीतरी गळणार. दळलेलं पीठ कुणी पुन्हा गिरणीत नेतं का? पण सांगणार कसं, मला तोंड कुठे होतं!

कपाशीत बीटी बियाणं येऊन काही वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. एके सकाळी जवळच्या गावचे नारायणराव दुकानात आले. आल्या आल्या म्हणाले, "शकूरभाऊ, आज संध्याकाळी मी टीव्हीत दिसीन. शेतीच्या कार्यक्रमवाले वावरात येऊन गेले. आमच्याकडं त्या टायमाले लाईन नसते, टीव्ही बंदच. मले पकडून ठेवजा बरं!"

शकूरभाई हसले. "पकडतो ना भाऊ. पळून कुठी जाता!"

संध्याकाळी मी त्यांना पकडलं. कार्यक्रमातल्या माणसानं विचारलं, यंदा कपाशी कशी आहे? पानं लाल पडलेल्या झाडांत उभे राहून नारायणराव म्हणाले, "झाडं हायत साहेब, पाहुण्यायले दाखवाले. बोंडं तेवढी मागू नका." आणि खळखळून हसले. हसताना त्यांचा पुढचा अर्धा तुटलेला दात दिसला. लहानपणी बैलानं मान झटकली तेव्हा तुटला होता. त्या दातापायी ते फोटोत कायम तोंड मिटून बसत.

डीव्हीडी न्यायला ते आलेच नाहीत. वावरात फवारणी करता करता चक्कर येऊन पडले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवीच्या आधी त्यांची बायको, अन्नपूर्णाबाई, मोठ्या दिराला घेऊन दुकानात आल्या. शकूरभाईंनी माझ्यावर ते चित्र लावलं. नारायणराव हसले, तशा त्याही पदरात तोंड घालून हसल्या आणि मग रडल्या. माझ्या काचेवर त्या दातापाशी बोट ठेवून म्हणाल्या, "घरी हाय तो फोटो बँकेच्या पुस्तकाचा. त्यात कोनावर तरी रागावले हायत असे दिसतात. मले हेच पाह्यजे, भाऊ. हाय तसंच द्या."

मला वाटलं, चला, एकदाचं कुणीतरी शहाण्यासारखं बोललं! पण त्यांचे दीर भगवंतराव लगेच म्हणाले, "असं कसं? मेल्या मानसाले हार नाही? लोक काय म्हनतीन?"

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या चित्राला हार हवाच, दिवा हवाच. शकूरभाईंनाही ते पटलं. "भाभी, तुम्ही काळजी करू नका. एकदम साफ करून देतो," असं त्यांनी सांगितलं, आणि फार मायेनं कामाला बसले.

त्यांनी झेंडूचा हार घातला. हार घालायचा म्हणजे चित्र नव्यानं काढणं आलं. ते झाल्यावर लग्नसराईच्या शूटिंगसाठी माझ्या पोटात जागा हवी म्हणून त्यांनी मूळ चित्र पुसून टाकलं. का ठेवतील? हारवालं त्यांना जास्त चांगलं वाटलं! मग लक्षात आलं की हार कपाळावर आला आहे. म्हणून चेहरा मोठा केला, जुना हार चौकटीबाहेर ढकलला, नवा बारीक हार घातला. पुन्हा कन्वर्ट. आणि शेवटी डीव्हीडी करताना सवयीनं आणखी एकदा. मी गरम होऊन घरघरत होतो. शकूरभाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बस, जरासंच राह्यलं."

तेरवी झाल्यावर अन्नपूर्णाबाई एकट्याच आल्या. तबकडी पदरात गुंडाळून आणली होती. म्हणाल्या, "हार लई चांगला दिसते, भाऊ. पण त्यायचा अर्धा दात कुठी गेला?"

शकूरभाईंनी तबकडी लावली. हारातलं फूल न् फूल ओळखू येत होतं. त्याच्या आत चेहऱ्याच्या जागी मातकट चौकोन हलत होते. आवाज तोच होता, हसणंही ऐकू येत होतं, पण हसणारं तोंड नव्हतं. शकूरभाईंनी मला आतून-बाहेरून धुंडाळलं. वाहिनीला फोन लावला, तर तिकडून उत्तर आलं की असले जुने भाग आम्ही ठेवत नाही. मग ते डोकं धरून खाली बसले. "या अल्ला, मी तं चांगलंच कराले गेलो होतो, भाभी."

"तुमचा काय दोष," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज कोरडा होता. "ते गेले तवा मी शेवटचं पाहून घेतलं होतं. आता पुन्हा एकदा गेले."

पुढे कित्येक आठवडी बाजारांना त्या येऊन विचारायच्या, "त्या डब्यात आणखी एकदा पाहा ना." शकूरभाई प्रत्येक वेळी बघायचे. मग त्या यायच्या बंद झाल्या. शकूरभाईंचं मनही धंद्यातून उडालं. मखमलीचं झाकण आधी फाटलं, मग मी भंगारात गेलो.

मित्रांनो, हार घाला, नाव घाला, काय हवं ते करा. पण जे आहे ते आधी तसंच्या तसं एकीकडे जपून ठेवा. चांगल्या गोष्टीला उगाच हात लावू नका. अन्नपूर्णाबाईंना आता त्याचा काही उपयोग नाही, हे मलाही कळतं. मला या भंगारातून उचलून न्याल, तरी काही हाती लागायचं नाही. मी माझ्याच पोटात पुन्हा पुन्हा शोधून पाहिलं आहे. तिथं वराती आहेत, बँड आहेत, जेवणाच्या पंगती आहेत. अर्धा दात नाही.