नकुशीच्या पाळण्यात मी

मी दाडिम. झाड नव्हे, फळ नव्हे. त्या दोघांचं संस्कृतातलं नाव. पोथ्यांतल्या म्हाताऱ्यांनी मला सोवळ्यात बसवून ठेवलं होतं. बसलो नाही. शाळा सोडली आणि रस्त्यावर आलो.

रस्त्यावर लोकांनी मला हवं तसं वाकवलं. मराठीत डाळिंब झालो, बंगालीत डालिम. व्यापाऱ्यांच्या तोंडी बसून समुद्रापार गेलो, तर मलय लोकांनी मला 'डेलिमा' केलं. तिथं माणकालाही माझंच नाव, पोरींनाही. पंडित म्हणाले, बिघडला. बिघडलो नाही, कामाला लागलो.

आणि केडगावजवळ, तात्याबा आबांच्या शेतावर? तिथं मी नुसता फळांच्या पेटीवर छापलेला. आबांचा बागेवर भारी जीव. पाणी तोडून बाग ताणावर सोडायचे, पानगळ झाली की पाणी द्यायचे, आणि लाल कळी दिसली की देव भेटल्यासारखे हसायचे. एकेक फळ कागदात गुंडाळून ठेवायचे.

१९९८ साली त्यांच्या सुनेला, साधनाला, तिसरी मुलगी झाली. आबा बघायलाही उठले नाहीत. ओट्यावरूनच बोलले, "हिचं नाव नकुशी ठिवा. म्हंजी देवाला कळंल, आता पोरगी नको."

माणसांची ही खोड मला कधी कळली नाही. निरोप देवाला द्यायचा आणि चिकटवायचा लेकराच्या कपाळी, जन्मभर!

बाप हनुमंत खाली बघत बसला. साधना भिंतीकडं तोंड करून रडली. बोलली फक्त त्याची धाकटी बहीण पूनम. शाळा सुटलेली, जीभ मात्र चालू.

"आबा, डाळिंबाला नकोसं म्हणलं तर पुढच्या बहाराला पेरू लागत्यात व्हय?"

"तू गप. बारशाला कुर्र कर, धपाटे खा. तेवढंच आत्याचं काम."

इथंच म्हातारा चुकला. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि ती सांगेल ते पक्कं. हा मान त्यानं स्वतःच्या तोंडानं तिला देऊन टाकला.

बाराव्या दिवशी बायका पूनमच्या पाठीमागं हात उगारून उभ्या. ती पाळण्यावर वाकली. तिच्या श्वासाबरोबर मी त्या इवल्या कानात शिरलो. एवढा फिरलो, पण इतकी मऊ जागा कुठं मिळाली नव्हती.

"कुर्रऽऽ... डाळिंबी!" मग सरळ होऊन ती अंगणात ऐकू जाईल अशी ओरडली, "डाळिंबी!"

उगारलेले हात हवेतच राहिले.

"आगं, नकुशी ठरलं हुतं न्हवं?" एक म्हातारी पुटपुटली.

"ठरवलं आबांनी. आत्या मी हाय. मारा आता!"

बाळंतपणानंतर साधना पहिल्यांदा हसली. पहिला धपाटा तिनंच घातला. मग धपाट्यांचा पाऊस.

आबा दारात आले. "हे काय नाव झालं?"

"फळं कागदात गुंडाळून ठिवता, आबा. नातीला निदान त्यांचं नाव तरी द्या."

आबा तडक बागेकडं निघाले. त्याला सहा वर्षं झाली.

आता शाळेत बाई हजेरी घेतात, मी वर्गभर घुमतो, आणि दात पडलेली एक पोर ताठ उभी राहते, "हजर!" बागेत कळी दिसली की आबा स्वतः बांधावरून हाक मारतात, "डाळिंबेऽ, आधी तू बघ!" लाज वाटत असेल. वाटू दे.

त्याच वर्गात दोन नकुशी अजून मान खाली घालून 'हजर' म्हणतात. त्यांच्या आत्यांनो, पाळणा माळ्यावर गेला म्हणून काय झालं? कान तेच आहेत. मला न्या. मी वापरून झिजत नाही, वाढतो.