पाचवीचं दुसरं वर्ष

युसरा जर्मनीतून परत आली आणि करमाडच्या शाळेत दाखल झाली, तेव्हा तिला मराठी बोलता येत होतं, वाचता मात्र अजिबात येत नव्हतं. तिचे वडील वहाब शेंद्र्याच्या एका कारखान्यात फिटर होते. कंपनीनं त्यांना पाच वर्षं तिकडं पाठवलं होतं, त्यामुळं पोरीची सगळी शाळा तिथंच झाली. वय दहा, म्हणून नियमाप्रमाणं इथं तिला थेट पाचवीत बसवलं.

पहिल्याच चाचणीत वर्गशिक्षिका दीपमाला मॅडमनी तिच्या गणिताच्या पेपरवर फुल्या मारल्या. भागाकार नेहमीसारखा मांडलाच नव्हता; चिन्हाच्या जागी नुसती दोन टिंबं होती. घरी गेल्यावर मॅडमना राहवेना. पडताळून पाहिलं, तर सगळी उत्तरं बरोबर. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर चूक कबूल केली आणि युसराला तिची जर्मनीतली रीत फळ्यावर समजावून सांगायला लावली.

तेव्हापासून युसरा त्यांच्याशी बोलू लागली. जर्मनीत ती राहायची तिथं चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी होई. कुणी पुढं कॉलेजला जायचं, कुणी कामधंदा शिकायचा, याचा अंदाज शिक्षक तेव्हाच बांधत. युसराची जर्मन कच्ची, म्हणून तिला कामधंद्याकडं नेणारी शाळा सुचवली होती.

इथं वेगळीच अडचण होती. पाचवीला आता वार्षिक परीक्षा, आणि फेरपरीक्षेतही नापास झालं की पुन्हा तोच वर्ग. मॅडम रोज मधल्या सुट्टीत तिला बाराखडीपासून शिकवू लागल्या. एप्रिलमध्ये युसरा गणितात वर्गात पहिली आली आणि मराठीत नापास झाली. मे महिनाभर सराव केला, तरी फेरपरीक्षेत तीन गुण कमीच पडले.

निकाल सांगायला मॅडम स्वतः घरी गेल्या. आई सगीरा चहा ठेवायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

"मॅडम, पोरगी हुशार हाय," वहाबभाई म्हणाले. "एक वर्ष गेलं की तिचं."

शहरातल्या इंग्रजी शाळेत घालावं का, असं ते विचारत होते. तेवढ्यात युसरा म्हणाली, "मला इथंच बसायचंय. जर्मनीत एकदाच ठरवून टाकलं होतं. इथं परत बसता येतं."

जुन्या मैत्रिणी सहावीत गेल्या. सुरुवातीचे काही दिवस ती सुट्टीत वर्गाबाहेर पडली नाही. वर्गातली मुलं तिला नापास म्हणत, तेही मॅडमच्या कानावर आलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी मॅडमनी धडा कोण वाचणार असं विचारलं. युसरानं हात वर केला. एका जोडाक्षरापाशी ती अडली. कुणी हसलं नाही. तिनं तो शब्द पुन्हा जुळवला, सबंध पान वाचलं आणि खाली बसली.

पुढचं पान मॅडमनी नेहमीसारखं दुसऱ्या मुलाला वाचायला दिलं.