राजा-राणीच्या मागची वायर

माझ्या मोठ्या जावेचा, मैत्रेयीअक्कांचा, फोन आला तेव्हा मी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात एका कंट्रोल पॅनेलच्या वायरी बांधत होते.

"संयोगिता, यंदा गोंब्यांच्या पायऱ्यांना एलईडी पट्ट्या लावून दे की. नवमीला मंडळाच्या स्पर्धेचे परीक्षक बघायला येतात. बाहेरचा माणूस कशाला, तू घरचीच आहेस."

घरची. चार वर्षांत पहिल्यांदाच मी घरची झाले.

चार वर्षांपूर्वी माझा नवरा अभिराज गेला. त्याच दसऱ्याला अक्कांनी माझे पट्टद गोंबे ठेवून घेतले. गोंबे म्हणजे दसऱ्याला पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या, आणि पट्टद गोंबे म्हणजे त्यांतली लाकडी राजा-राणीची जोडी. आमच्या बेंगळुरात आई ही जोडी लेकीला लग्नात देते आणि दसऱ्याला ती सगळ्यात वरच्या पायरीवर बसते. माझ्या आईनं कानातली मोडून ती घेतली होती. "विधवेनं जोडीला हात लावू नये, रीत आहे," असं अक्का घरभर जमलेल्या बायकांसमोर म्हणाल्या आणि जोडी आपल्या कपाटात ठेवली. त्यांची स्वतःची जोडी वाळवीनं खाल्ली होती, ते मात्र बोलल्या नाहीत. तेव्हापासून दर दसऱ्याला त्या माझीच जोडी मांडतात. आयत्या बिळावर नागोबा! मी तेव्हा गप्प बसले. दोन क्रॉस, म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे भाड्यानं राहायला आले, तरी त्या गप्प बसण्याचा राग काही गेला नाही.

म्हणून मी हो म्हटलं.

रविवारी राजाजीनगरच्या त्या घरात गेले. नऊ पायऱ्या, नऊ पट्ट्या. वीज हॉलमधल्या ट्यूबलाइटच्या पॉइंटवरून घ्यायची होती. पण तिथं दोनशे तीस व्होल्ट असतात आणि पट्टीला लागतात बारा, म्हणून मधे ड्रायव्हर नावाचा डबा बसवावा लागतो. अक्कांनी ऑनलाइन मागवून ठेवलेला डबा शंभर वॉटचा होता. पट्ट्यांची बेरीज एकशे पंधरावर जात होती.

"अक्का, हा लहान पडेल. दीडशेचा आणा."

"स्वल्प अ‍ॅडजस्ट कर गं. एवढ्याशा दिव्यांना काय होतंय?"

"जळायचं नाही काही. पण तापला की आपोआप बंद पडेल."

"सरी सरी, बरं, तू लाव."

मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायची मला इच्छा नव्हती. तीन पट्ट्या कमी केल्या असत्या तर काम चोख झालं असतं, हे मला कळत होतं, तरी मी नऊच्या नऊ जोडल्या. डबा वरच्या पायरीच्या मागे भिंतीवर लावला. मधोमध जोडी बसली की तिला उचलल्याशिवाय तिथं हात पोचणार नाही, अशी जागा मी मोजून काढली होती. दहा मिनिटं लावून दाखवलं. झकास दिसलं. अक्का चहा विचारायला विसरल्या.

नवमीला आयुधपूजा. माझी पक्कड, टेस्टर, स्क्रू-ड्रायव्हर धुऊन पाटावर मांडले, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. दशमीपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. गावातल्या सगळ्या वायरमनांची हत्यारं त्या दिवशी अशीच पाटावर असतात. माझी सगळी भिस्त त्याच्यावर होती.

सव्वासातला फोन आला. "संयोगिता, लाइट जातायत, येतायत. जमनाबाई समोर बसल्यात. ये बाई."

"हत्यारं पूजेत आहेत, अक्का."

"चार जणांना विचारलं, सगळे तेच म्हणतात. तूच काहीतरी कर."

गोंबे बघायला मला बोलावणं नव्हतं. मी चांगली साडी नेसले आणि रमतगमत गेले.

हॉलमध्ये पंधरा-वीस बायका होत्या. परीक्षकांत मुख्य जमनाबाई, समाजातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. पायऱ्या तेवढ्यात पुन्हा काळोखल्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हत्यार नको. तीन वायरी हातानं सुटतात. पण डबा राजा-राणीच्या मागे आहे."

"थांब, मी उचलते," म्हणत अक्का घाईनं स्टुलाकडे वळल्या.

"तिला का उचलू देत नाहीस?" जमनाबाईंनी विचारलं.

अक्का स्टूल सरकवत राहिल्या. मग मीच सांगितलं. "जोडी माझ्या आईनं दिलेली आहे. पण विधवेनं तिला हात लावू नये, अशी या घरची रीत आहे."

जमनाबाईंनी चष्मा काढला. "मैत्रेयी, आमचे मालक जाऊन वीस वर्षं झाली. आमची जोडी मीच मांडते. तू दरवर्षी येऊन नमस्कार करून जातेस की."

अक्कांचा चेहरा उतरला. "लाव बाई हात," त्या पुटपुटल्या.

"ऐकू आलं नाही, अक्का."

"हात लाव म्हटलं, संयोगिता."

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मी ट्यूबलाइटचा स्विच बंद करायला सांगितला, स्टुलावर चढले आणि जोडी उचलली. डबा गार व्हायला हवा म्हणून पाच मिनिटं सगळ्यांसमोर तिला मांडीवर घेऊन बसले. मग खालच्या तीन पायऱ्यांच्या वायरी हातानं ओढून काढल्या आणि स्विच लावायला सांगितला. वरच्या सहा पायऱ्या लख्ख उजळल्या आणि तशाच राहिल्या.

"जोडी ठेव की आता," अक्का म्हणाल्या.

मी जोडी पदरात गुंडाळली, जमनाबाईंना वाकून नमस्कार केला आणि दाराकडे निघाले. अक्का माझ्यामागे उंबऱ्यापर्यंत आल्या, दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "एवढ्या बायका बघतायत गं."

"तेव्हाही बघत होत्या," मी म्हणाले आणि चप्पल पायात घातली.