दोरा गळतो कशाने

सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. रांग थेट जिन्याखाली गेलेली, आणि जो तो आपलाच हात तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून उभा. कुणाची बोटं टम्म फुगलेली, कुणाची अंगठी रुतलेली, कुणाची मूठच वळत नव्हती. समोर गादीवर दोरेबाबा बसले होते. ते एकेकाचं मधलं बोट पकडत, त्याच्या मुळाशी लाल दोरा घट्ट बांधत आणि डोळे मिटून सांगत, "रोग बोटातून दोऱ्यात येईल. दोऱ्याचं पोट भरलं की तो आपणहून गळून पडेल."

आणि पडायचा हो! पोस्टातल्या कारकुनाचा दोरा शिक्के मारता मारता दुपारी गळाला, भाजीवालीचा तराजूत पडला. लोकांनी तोंडात बोटं घातली, तीही सुजलेलीच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. चमत्कार म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि तरी मी त्या रांगेत उभी होते, कारण माझ्यापुढे माझ्या थोरल्या जाऊबाई होत्या.

जाऊबाई शिवणकाम करतात. त्यांच्या हातचा ब्लाउज एकदा घातला की बाई दुसरीकडे जात नाही. पण काही महिन्यांपासून सकाळी त्यांचे हात सुजायचे, सुई धरवायची नाही. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "हा सांधेवात आहे. गोळ्या नेमाने घेतल्यात तर बोटं सरळ राहतील. टाळाटाळ केलीत तर वाकतील, आणि वाकलेली बोटं मला सरळ करता येणार नाहीत." जाऊबाईंनी गोळ्या सुरू केल्या, आणि नेमके तेव्हाच हे बाबा उपटले.

"गोळ्या घेतेस?" दोरा बांधता बांधता बाबांनी विचारलं.

"हो, डॉक्टरांच्या."

"बंद कर. गोळी पाहिली की दोरा रुसतो. आता पथ्य ऐक. दोरा बांधल्यावर आडवं व्हायचं नाही. कोमट पाण्यात हात बुडवून मला आठवायचं. मग दोन्ही हात डोक्यावर धरून माझं नाव घेत मुठी उघडायच्या, मिटायच्या. खारट वर्ज्य."

मला राहवेना. "बाबा, सकाळी माझी शाळा असते. संध्याकाळी दोरा बांधाल का?"

"संध्याकाळी दोऱ्यात शक्ती नसते."

"का बरं? तो दमतो का?"

बाबांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं आणि शिष्याला म्हणाले, "बाईंना जरा वारा घाला. यांची सूज डोक्यात आहे." सगळा हॉल हसला. खरं सांगते, क्षणभर मलाही हसू आलं, आणि त्याचा मला आणखीच राग आला.

दुपारी जाऊबाईंचा दोरा मशीनवर गळून पडला. "बघ, मास्तरीणबाई," त्या विजयी मुद्रेने म्हणाल्या. मी बघत होतेच. बोटं थोडी उतरली होती, पण सांधे अजून गोल गोल फुगलेले होते आणि त्या कापड बोटांनी न धरता तळव्याने सरकवत होत्या. गोळ्यांचं पाकीट बटणांच्या डब्यात तसंच पडून होतं. मी बोलले, त्या रुसल्या. मी पुन्हा बोलले, त्यांनी मशीन जोरात चालवली. रोज सकाळी नवा दोरा, दुपारी तो गळालेला, असं बरेच दिवस चाललं.

एका दुपारी एक गिऱ्हाईक पँटचं माप द्यायला आलं. जाऊबाईंनी टेप काढली, त्याच्याकडे पाहिलं आणि टेप परत गळ्यात टाकली. "भरपेट जेवून आलात ना? उद्या सकाळी या. आत्ताचं माप घेतलं तर पँट उद्या घसरेल, आणि नाव माझं जाईल."

तो गेल्यावर मी विचारलं, "एका दिवसात माणसाची कंबर बदलते?"

"बदलते म्हणजे काय! इतकी वर्षं मापं घेतेय मी."

"मग बोट का नाही बदलणार?"

त्यांनी मशीन पुन्हा जोरात चालवली. पण दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या त्यांनी आपल्या धाकट्या दिरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, धरलं. हे गृहस्थ पापडावरसुद्धा मीठ भुरभुरवतात आणि हात उशाखाली घेऊन झोपतात, त्यामुळे सकाळी यांची बोटं केळ्याएवढी. जाऊबाईंनी आपल्या रिळातला साधा पांढरा दोरा त्यांच्या बोटाला बांधला. मंत्र नाही, पथ्य नाही. "भावजी, खुशाल कामाला जा." दुपारच्या आत तो दोरा ऑफिसात कुठेतरी पडला. कुठे, ते त्यांना कळलंसुद्धा नाही.

मग जाऊबाईंनी गळालेला बाबांचा लाल दोरा घेतला आणि संध्याकाळी, बोट उतरलेलं असताना, माझ्याकडून स्वतःच्या बोटाला बांधून घेतला. सकाळी त्यांनी मला हाक मारली. दोरा मांसात रुतला होता, बोट जांभळं पडलं होतं. तो कापायला त्यांनी कात्री उचलली, पण बोटं कात्रीच्या कडीत जाईनात. ज्या कात्रीने त्यांनी अख्ख्या गल्लीचे कपडे कापले, ती त्यांच्या हातातून खाली पडली. दोरा मी कापला. जाऊबाई रडत होत्या, आणि माझे डोळेही कोरडे नव्हते.

"दोरा तोच, बोट तेच," त्या म्हणाल्या. "बांधायची वेळ तेवढी बदलली. मेल्याने मला माझ्याच मापात फसवलं गं."

त्या तडक हॉलवर गेल्या. रिळांचा डबा उघडून रांगेला म्हणाल्या, "हवा तो रंग घ्या आणि एकमेकांना बांधा. बाबांचं नाव घेऊ नका." दुपारी निळे, पिवळे, हिरवे सगळे दोरे गळाले. "माझ्या सान्निध्याचा प्रभाव," बाबा म्हणाले. "असेल," जाऊबाई म्हणाल्या. "मग आज संध्याकाळी तुम्ही तुमच्या हाताने बांधा. सकाळी बघू कोण कोणाला रुततं."

संध्याकाळी आम्ही सगळे गेलो, तर हॉलला कुलूप. बाबा हातावर तुरी देऊन पसार झाले होते.

डॉक्टरीणबाईंना मी सोबत नेलंच होतं. त्यांनी जिन्यातच सगळ्यांना समजावलं. झोपेत हात निपचित पडून राहतात, अंगातलं पाणी बोटांत साचतं, जास्त मीठ खाल्लं की आणखी साचतं. उठून हात हलवले की ते उतरतं. हात वर धरणं, मुठी उघडणं-मिटणं, कोमट पाणी, मीठ कमी, हे बाबांचं पथ्य अगदी बरोबर होतं. काम त्या मुठींनी केलं आणि श्रेय दोऱ्याने खाल्लं. "पण," त्या म्हणाल्या, "सांधे दुखत असतील, हात तासभर आखडून राहत असतील, चेहरा किंवा पायही सुजत असतील, तर तपासून घ्या. आणि एकच हात लाल, गरम झाला तर त्याच दिवशी या."

मग त्यांनी जाऊबाईंचा डावा हात हातात घेतला. करंगळी बाहेरच्या बाजूला झुकली होती. आम्हा कुणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"ही सरळ होईल?" जाऊबाईंनी विचारलं.

"नाही. पण बाकीची वाचवू."

आता गोळ्यांचं पाकीट मशीनवर, सुयांच्या शेजारी असतं. जाऊबाई पुन्हा शिवतात, करंगळी जरा बाजूला ठेवून. परवा एक बाई सांगत आली की कुठल्याशा बाबाच्या कड्याने तिची पाठदुखी आठवड्यात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊबाईंनीच टेप गळ्यातून काढत शांतपणे विचारलं, "कडं घातलं नसतं, तर किती दिवसांत गेली असती?"

ती बाई विचारात पडली. तुम्हीही पडा. तेवढंच माझं मागणं आहे.