खुर्चीतलं मत

गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा असताना त्याच्याशी वाद घालायचा नाही, हा सलूनच्या धंद्यातला पहिला धडा. तो म्हणेल त्याला "अगदी बरोबर!" म्हणायचं. आपल्या या सलूनवाल्याने हा धडा इतका घोकला होता, की एकाच सकाळी दोन पक्षांच्या दोन गिऱ्हाइकांना त्याने एकच निवडणूक जिंकून दिली होती!

त्या वर्षी खुर्चीत एकच विषय होता, ऊन. दर उन्हाळा मागच्याला मागे टाकत होता. शेवटी नगरपालिकेने एक योजना आणली. गल्लीच्या एका बाजूला गाड्या लावणं बंद करायचं, तिथे झाडं लावायची आणि पत्र्याच्या छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग द्यायचा. अट एकच होती. रहिवाशांच्या सभेत निम्म्याहून जास्त हात वर व्हायला हवेत. नाहीतर योजना दुसऱ्या गल्लीला जाणार आणि आपली पाळी पुन्हा पाच वर्षांनी.

सलूनवाल्याला ती योजना मनापासून हवी होती. सलूनच्या वर पत्र्याच्या खोलीत त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. "यांना उन्हापासून जपा, हृदय कमजोर आहे," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण जपायचं कसं? खाली सलूनमध्ये खुर्ची, बाकडं आणि आरसा एवढ्यातच जागा संपत होती.

सभेच्या आठवड्यात बँकेतले कॅशियर दाढीला आले. "माझं विचाराल तर झाडं हवीतच हो. पण तो कापडवाला आकाशपाताळ एक करील. लोक विरोधात आहेत."

"अगदी बरोबर! लोक नाहीच मानणार," सलूनवाला म्हणाला.

मग टॅक्सीवाला आला. "मी गाडी मागच्या मैदानात लावीन की. पोरीला उकाड्याने झोप नाही. पण बाकीचे गाडीवाले ऐकायचे नाहीत."

"अगदी बरोबर!"

आणि ज्याच्या नावाने सगळे बिचकत होते, तो कापडवालाही तोंडाला फेस लावून म्हणाला, "सावली झाली तर गिऱ्हाईक दोन क्षण टेकेल. पण टॅक्सीवाल्यांशी वैर कोण घेणार?"

"अगदी बरोबर!"

वरच्या खिडकीतून बाबांना हे सगळं ऐकू यायचं. चाळीस वर्षं हाच वस्तरा त्यांनीही चालवला होता. दुपारी मुलगा जेवण घेऊन वर आला, तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं.

"अरे, ज्याला त्याला झाडं हवीत आणि ज्याला त्याला वाटतंय, दुसऱ्याला नकोत. हे अख्ख्या गल्लीत एकट्या तुला ठाऊक आहे. सगळी गल्ली तुझ्याच खुर्चीत बसते!"

"बाबा, खुर्चीतलं बोलणं चव्हाट्यावर मांडायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"कुणाचं नाव घेऊ नकोस. पण 'लोक मानणार नाहीत' ही पुडी तरी सोडू नकोस. आणि सभेत आपला हात आधी वर कर."

"मी एकट्याने करून काय होणार? एका हाताने टाळी वाजत नाही."

"टाळी कोण मागतंय तुझ्याकडे? हात वर कर, एवढंच म्हणतोय."

शाळेच्या सभागृहात सभा भरली. अधिकारी बाईंनी विचारलं, "योजना कुणाकुणाला मान्य आहे?" आणि आळी मिळी गुप चिळी! कॅशियर कापडवाल्याकडे बघत होते, कापडवाला टॅक्सीवाल्याकडे आणि टॅक्सीवाला छताच्या पंख्याकडे. सलूनवाल्याचा हात गुडघ्यावरून उठला, कान खाजवून आला आणि पुन्हा गुडघ्यावर बसला. शंभर माणसांत चार हात वर झाले. बाईंनी 'रहिवाशांचा विरोध' असं लिहून फाइल मिटली.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, सलूनवाला ताट घेऊन वर गेला तर बाबा निपचित पडले होते. अंग तापलेलं, ओठ कोरडे. कापडवाला आणि टॅक्सीवाला धावत आले, दोघांनी मिळून त्यांना अरुंद जिन्यावरून खाली उतरवलं. हॉस्पिटलात चौथ्या दिवशी बाबा गेले.

काही दिवसांनी सलून उघडलं. भेटायला आलेली मंडळी बाकड्यावर मान खाली घालून बसली होती. कॅशियर उसासा टाकून म्हणाले, "ती योजना व्हायला हवी होती. पण काय करणार, लोकच विरोधात!"

"अगदी..." सवयीने शब्द ओठांवर आला आणि तिथेच अडला.

"नाही साहेब! साफ चूक!" सलूनवाला जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकावर ओरडला. "कोण विरोधात होतं? तुम्ही? हे शेठ? हा टॅक्सीवाला? याच खुर्चीत बसून तुम्ही तिघांनीही माझ्याकडे झाडं मागितली होती! आणि मला तर तुमच्याहून जास्त हवी होती. मी सगळं जाणून होतो आणि गप्प बसलो. माझ्या बापासाठी मला एक हात उचलता आला नाही!"

त्याने कंगव्यासकट हात वर केला. मग टॅक्सीवाल्याचा हात वर गेला, कापडवाल्याचा गेला, कॅशियरांचा गेला. समोरच्या आरशात ते दुप्पट दिसत होते.

त्याच दुपारी सगळे मिळून नगरपालिकेत गेले. अधिकारी बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "झाडं दुसऱ्या गल्लीत लागलीसुद्धा," त्या म्हणाल्या. "हे हात त्या दिवशी सभेत वर व्हायला हवे होते हो. आता पाच वर्षं माझ्याही हातात काही नाही."

मंडळी रणरणत्या उन्हातून, भिंतींच्या कडेकडेने परतली.

वाचकहो, 'लोक मानणार नाहीत' असं आपण सगळेच म्हणतो. पण ते लोक म्हणजे तुम्ही-आम्हीच ना! वाढत्या उन्हावरचा उपाय दाराशी येईल, तेव्हा शेजाऱ्याच्या हाताकडे बघत बसू नका. आपला हात वर करा, आणि वेळेवर करा. सलूनवाला आता प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगतो, अगदी मोठ्याने. वरची खिडकी उघडीच असते, पण ऐकायला तिथे कुणी नाही.